मामांचा शर्मन: काय जोडायचं आणि काय तसंच ठेवायचं

पत्र

माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. १९८६ साली त्यांनी जपानहून तामिया कंपनीच्या एम४ए३ शर्मन रणगाड्याचा १/३५ मापाचा किट आणला आणि स्वतः जोडून, रंगवून पूर्ण केला. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्यांनी तो मला दिला आहे. डाव्या बाजूचा ट्रॅक (चाकांभोवतीचा साखळीसारखा पट्टा) तुटला आहे, उजव्या बाजूचा चाकांमध्ये रुतून चिकटला आहे. तोफेची नळी मुळापाशी मोडली आहे, तुकडा जपून ठेवलेला आहे. चाकांची एक जोडी हलते. पांढरे तारे पिवळे पडलेत आणि सगळ्यावर चिकट धूळ आहे. सगळा रंग काढून नव्याने रंगवू का? शिवाय हुरूप येऊन मी तामियाचाच टी-५५ए या सोव्हिएत रणगाड्याचा किट घेऊन ठेवला आहे. सध्या जुलै चालू आहे, हवा ओली आहे. आत्ता सुरुवात करावी का? मी आजवर एकही मॉडेल केलेलं नाही.
– एक भाची, रत्नागिरी

उत्तर

रंग काढू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण या छंदातल्या बहुतेक चुका पुन्हा सुधारता येतात, ही येत नाही. तो शर्मन मामांच्या हातचा आहे. ब्रशचे फराटे, थोडा जाड लागलेला हिरवा, वाकडा बसलेला एखादा आकडा हे सगळं धरूनच त्याला किंमत आहे. नवाकोरा शर्मन तुम्हाला कधीही विकत घेऊन करता येईल. म्हणून जे मोडलंय ते जोडा, जे रुतलंय ते सोडवा, आणि जे नुसतं जुनं दिसतंय त्याला हात लावू नका. पिवळे तारे या तिसऱ्या प्रकारात येतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. शर्मनवर जे जे करायचं आहे (कापणं, खरवडणं, ड्रिल, जोड, रंग जुळवणं) ते प्रत्येक काम आधी टी-५५च्या स्प्रूवर करून बघा. स्प्रू म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी. ती टाकून द्यायचीच असते, आणि तिचं पॉलिस्टायरिन शर्मनसारखंच असतं. हात तिथे बसवा. म्हणजे आता टी-५५ जोडायला घ्या आणि शर्मनची फक्त स्वच्छता करा. बाकीची दुरुस्ती टी-५५ची चाकं आणि नळी पूर्ण झाल्यावर.

धूळ

मेकअपचा मऊ, रुंद ब्रश घ्या आणि वरून खाली कोरडी धूळ झाडा. चिकट थर उरेल, कारण स्वयंपाकघरातल्या तेलाची वाफ घरभर फिरते आणि धूळ तिला धरून बसते. कोमट पाण्याच्या वाटीत भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब टाका, कानकोरणीचा कापूस त्यात बुडवून पिळा आणि एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पुसा. लगेच साध्या पाण्याच्या कापसाने पुन्हा पुसा. तारे आणि आकडे असतील तिथे पाणी नको, तिथे थुंकीने ओला केलेला कापूस फिरवा. ऐकायला कसंतरी वाटेल, पण संग्रहालयांत चित्रं साफ करणारे संवर्धकही हेच करतात. थुंकीतली एन्झाइम्स मळ सोडवतात आणि ओल फार लागत नाही.

सॅनिटायझर, स्पिरिट, काच पुसायचा अमोनियावाला फवारा यांतलं काहीही वापरायचं नाही. मामांनी अ‍ॅक्रिलिक रंग वापरला असेल तर तो या द्रवांनी सुटून कापसावर येतो. इनॅमल असेल तर इतक्या वर्षांनी तो सहसा टिकतो. कुठला आहे हे कळायला हवंच, म्हणून रणगाड्याच्या पोटाखाली, कोपऱ्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस पाच सेकंद फिरवा. हिरवा आला तर अ‍ॅक्रिलिक. त्याहून सोपं म्हणजे मामांनाच विचारा, डब्या काचेच्या होत्या की पत्र्याच्या. पत्र्याची छोटी डबी असेल तर ते हम्ब्रॉलसारखं इनॅमल. काचेची बाटली असेल तर मात्र कापसाची चाचणी कराच, कारण तामियाचं अ‍ॅक्रिलिक आणि इनॅमल दोन्ही काचेच्या बाटलीत यायचं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर तर टेबलाच्या आसपासही नको. तो नुसता रंग काढत नाही, खालचं प्लास्टिकही विरघळवतो.

ट्रॅक

तुमच्या मॉडेलचा खरा आजार हा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

त्या काळच्या किटमध्ये ट्रॅक मऊ व्हिनाइलचे असत. व्हिनाइल मुळात कडक असतं, त्यात मऊपणासाठी तेलासारखं द्रव्य घालतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. झिरपलं की दोन गोष्टी होतात. ट्रॅक स्वतः कडक आणि ठिसूळ होतो, आकसतो आणि ताण असेल तिथे तुटतो. तुमची डावी बाजू तशी गेली. दुसरं म्हणजे ते द्रव्य पॉलिस्टायरिनला मऊ करतं. जिथे चाक आणि ट्रॅक एकमेकांना दाबून राहतात तिथे चाक वितळल्यासारखं होऊन ट्रॅक त्यात बुडतो. ही तुमची उजवी बाजू. चाकांच्या कडेला रंगाचा चांगला जाड थर असेल तर तो मध्ये आडोसा म्हणून थोडा काळ उपयोगी पडतो, पण बहुतेक जण ट्रॅकखाली झाकली जाणारी कड रंगवतच नाहीत.

रुतलेला ट्रॅक ओढायचा नाही. ओढलात तर चाकाचा आस आधी मोडेल. नेलकटरने किंवा बारीक कात्रीने चाकाचाकांमधल्या मोकळ्या जागेत ट्रॅक कापा, म्हणजे प्रत्येक चाकाला चिकटलेला एक छोटा तुकडाच उरतो. आता दात साफ करायचा फ्लॉस त्या तुकड्याच्या आणि चाकाच्या मध्ये घाला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढा. बहुतेक तुकडे सुटतील. जे सुटणार नाहीत ते क्र. ११च्या टोकदार पात्याने, पातं चाकाला समांतर धरून, थराथराने कापा. सुटलेल्या जागी चिकट थर असेल. साबणाच्या पाण्याने पुसून तीन-चार दिवस उघडं ठेवा, मग खरवडा. ताजं खरवडलंत तर मऊ प्लास्टिकचे गोळे होतात.

जोड सुटावा म्हणून मॉडेल फ्रीझरमध्ये ठेवा असा सल्ला कुणी देईल. सुपरग्लूच्या जोडांना ही युक्ती लागू पडते, कारण थंडीत तो ठिसूळ होतो. पण बाहेर काढल्यावर मॉडेलवर पाणी धरतं आणि चाळीस वर्षांची डेकल (पाण्याने चिकटवलेली तारे-आकड्यांची चित्रं) त्या पाण्यात उचलली जातात. शर्मनला फ्रीझर नको.

चाकांवर आता खड्डे दिसतील. त्यांत पुट्टी भरत बसू नका. नवा ट्रॅक बसला की ते त्याच्याखाली जाणार आहेत. फक्त उंचवटे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा, म्हणजे ट्रॅक नीट टेकेल. नंतर सगळ्या बारा चाकांच्या कडेला अ‍ॅक्रिलिक रंगाचा एक थर द्या आणि दोन दिवस वाळू द्या.

डाव्या बाजूचा तुटका ट्रॅक वाचेल का? त्याचं टोक हळूच दुमडून बघा. रबरासारखं वळलं तर जीव आहे, पांढरी रेघ उमटली किंवा तडा गेला तर संपला. जीव असला तरी आमचं मत असं की दोन्ही बाजूंना नवे, कडक पॉलिस्टायरिनचे ट्रॅक घाला. एका बाजूला जुना आणि दुसरीकडे नवा हे वाईट दिसतं, आणि जुन्याचं झिरपणं थांबलेलं नाही. मामांचे तुकडे कागदाच्या पाकिटात वेगळे ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पाकीट मॉडेलला टेकून नको.

नवे घेताना नमुना तपासा. शर्मनला रबरी ठोकळ्यांचे सपाट, रबरी पण बाणाच्या आकाराचे, आणि पोलादी बाणाकृती असे वेगवेगळे ट्रॅक असत. तुमच्या तुकड्यावर जो आहे तोच मागवा. खऱ्या एम४ए३च्या एका बाजूला ७९ पाट्या असतात. (लांब धड असलेल्या एम४ए४ला ८३.) प्रत्येक सांध्याला दोन्ही कडांना एकेक जोडणी असते. म्हणजे सुट्या भागांचा संच घेतलात तर १५८ पाट्या आणि ३१६ जोडण्या. पहिल्याच कामाला हे जड आहे. ज्यात जोडणी पाटीसकट ओतलेली असते आणि सुट्या कड्या नुसत्या एकापुढे एक चिकटवायच्या असतात, तो संच शोधा. धातूचे ट्रॅक या मॉडेलला नकोत. त्यांचा गुण म्हणजे वजनाने येणारा नैसर्गिक झोळ. पण शर्मनचा वरचा पट्टा आधारचाकांवरून जातो, तिथे झोळ फारसा नसतोच. उलट ते वजन जुन्या, ठिसूळ आसांवर येईल.

एक अडचण हमखास येते: एका कंपनीचा ट्रॅक दुसऱ्या कंपनीच्या दातेरी चाकात बसत नाही. दात्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी चौथ्या-पाचव्या कडीला दाता भोकाच्या बाहेर पडतो. म्हणून आधी सहा कड्या जोडून पुढच्या दातेरी चाकावर ठेवून बघा. (शर्मनचं दातेरी चाक पुढे असतं, टी-५५चं मागे.) बसत नसेल तर कड्यांखाली झाकले जाणारे दाते तासून टाका आणि दिसणारे तेवढे ठेवा.

कड्या सरळ पट्टीच्या आधाराने सपाट काचेवर मांडा. तामियाच्या हिरव्या झाकणाच्या पातळ सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या द्रवाचा) ब्रश प्रत्येक सांध्याला नुसता टेकवा, ते फटीत आपोआप ओढलं जातं. अर्ध्या तासाने तो पट्टा अजून लवचीक असतो पण तुटत नाही. त्याच वेळी चाकांभोवती गुंडाळा. फोमचे तुकडे खोचून आकार धरून ठेवा आणि रात्रभर सोडा. ताण अजिबात नको. ताणलेला ट्रॅक मागच्या चाकाचा आस आत ओढतो आणि तो सगळ्यात आधी मोडतो. शेवटचा सांधा खाली, मधल्या चाकांच्या जोडीखाली घ्या. मॉडेल टेकलं की तो दिसत नाही. पाट्यांची संख्या ७९ भरली नाही तरी चालेल. चाकांवर नीट बसते तीच तुमच्या मॉडेलची संख्या.

हलणारी चाकं आणि मोडलेली नळी

शर्मनला प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांच्या तीन जोड्या असतात, एका कंसात बसवलेल्या. तुमचा एक कंस सुटलाय. जुना गोंद आणि रंग दोन्हीकडून खरवडून उघडं प्लास्टिक दिसू द्या. प्लास्टिक सिमेंट चिकटवत नाही, ते दोन पृष्ठभाग विरघळवून एक करतं. मध्ये रंग असेल तर ते रंगच विरघळवेल आणि महिन्याभरात जोड पुन्हा सुटेल. सिमेंट लावा, मॉडेल काचेवर ठेवा आणि प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राची बारीक पट्टी सरकवून ओढून बघा. बाराही ठिकाणी पट्टी हलकी अडकली पाहिजे. जिथे मोकळी सुटते ते चाक हवेत आहे. सिमेंट ओलं असतानाच कंस सरकवा. मग चोवीस तास मॉडेलच्या पोटाखाली ठोकळा ठेवून चाकांवरचं वजन काढा.

नळी नुसती चिकटवून टिकणार नाही. मोडलेल्या जागेचं क्षेत्रफळ पाच रुपयांच्या नाण्यावरच्या एका अक्षराएवढं आणि त्यावर अख्ख्या नळीची तरफ. धूळ झाडताना ब्रश लागला की पुन्हा मोडेल. आत खिळा हवा. हातात फिरवायचं छोटं ड्रिल (पिन वाइस), १ मिमीचं पातं आणि त्याच जाडीची पितळी तार घ्या. तार नसेल तर कागदाची पिन चालते. कस लागतो तो भोकं समोरासमोर येण्यात. एका तुकड्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल करा, सहा मिमी खोल. भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका द्या, दुसरा तुकडा त्याच्या जागी नेमका टेकवा आणि उचला. ठिपका उमटला तिथे दुसरं भोक. तिथे आधी सुईने टोचा, नाहीतर पातं घसरतं. दुसरं भोक मुद्दाम १.२ मिमीचं पाडा. त्या फरकात नळी सरळ करायला जागा मिळते.

इथे फेविक्विक वापरू नका. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर नकोच. सुपरग्लू हवेतल्या ओलीनेच घट्ट होतो, म्हणजे तुमच्याकडे दोन-तीन सेकंदांत, आणि नळी वाकडी असेल तर वाकडीच राहील. शिवाय त्याची वाफ आजूबाजूच्या गडद रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. अरल्डाइटचा पाच मिनिटांत धरणारा प्रकार घ्या. दोन्ही ट्यूबांतलं समान काढून काडीने ढवळा, भोकांत थोडंच भरा, खिळा घाला. मग समोरून आणि वरून अशा दोन्ही बाजूंनी नळी सरळ आहे ना ते बघा. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर टेकवून ठेवा. जोडाभोवती उरलेली फट भरायला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. घरात एम-सील असेल तर तेही चालतं. जरा भरड आहे, पण ओल्या बोटाने गुळगुळीत करता येतं आणि सुकताना आकसत नाही.

पिवळे तारे

डेकलची पारदर्शक झिल्ली जुनी झाली की पिवळी पडते. मॉडेलवर चिकटलेल्या डेकलला यावर सुरक्षित उपाय नाही. उन्हात ठेवलंत तर पिवळेपणा थोडा जाईल, पण हिरवा रंगही विटेल आणि प्लास्टिक तापून वाकायची भीती. तारे तसेच राहू द्या. युद्धातले शर्मनही पांढऱ्याशुभ्र ताऱ्यांनिशी फार काळ हिंडत नव्हते. ताऱ्यावर शत्रू नेम धरतो म्हणून दलातले लोक तो चिखलाने किंवा रंगाने झाकायचे.

एखादी कड उचलली असेल तर फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग असं करून सुईच्या टोकाने कडेखाली सोडा आणि ओलसर कापसाने दाबा. डेकल मऊ करणारी द्रावणं बाजारात मिळतात. ती नव्या डेकलसाठी उत्तम, पण जुनं डेकल त्यांनी आकसून सुरकुततं.

किटच्या डब्यात न वापरलेली डेकल शीट उरली असेल तर गोष्ट वेगळी. ती पारदर्शक पाकिटात घालून खिडकीच्या काचेला, उन्हाकडे तोंड करून चिकटवा. कडक उन्हात आठवड्याभरात पिवळेपणा उतरतो. तुम्हाला त्यासाठी ऑक्टोबरची वाट बघावी लागेल. वापरण्याआधी नको असलेला एक आकडा पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर शीटवर ग्लॉस लॅकरचा एक हलका थर फवारा, म्हणजे नवी झिल्ली तयार होते. मात्र मग प्रत्येक डेकल कडेला लागून कापून काढावं लागतं.

रंग फक्त जोडापुरता

लागेल ती जागा एवढीच: नळीचं मूळ, कंसाचा जोड आणि नवे ट्रॅक. खालचा रंग इनॅमल असला तरी वर पाण्यात विरघळणारा अ‍ॅक्रिलिक लावा. तो जुन्या थराला इजा करत नाही. ऑलिव्ह ड्रॅबमध्ये (लष्करी काळपट हिरव्यात) थेंबाथेंबाने बफ (फिकट पिवळसर रंग) घालत जा, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके देऊन अर्धा तास वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात मॉडेलशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेला हिरवा सकाळी निळसर निघतो. शंभर टक्के जुळणार नाहीच. उरलेला फरक धुळीने झाका. कोरड्या खडूची पूड ब्रशने जोडावर चेपली की पुरतं.

त्यासाठी अंगणातली लाल माती मात्र नको. एक तर हा अमेरिकी रणगाडा आणि बहुधा युरोपातल्या युद्धाच्या खुणा अंगावर असलेला. दुसरं म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मापात साडेसतरा मिलिमीटरची खडी होते. रणगाड्यावर खडी पसरल्यासारखं दिसतं.

जोड झाकायला काळपट द्रव (वॉश) फिरवणार असाल तर एक धोका लक्षात घ्या. टर्पेंटाइनसारख्या द्रवात केलेला वॉश ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमध्ये शिरला की ते चिरतं. चाकांचे आस आणि कंस नेहमी ताणाखालीच असतात. तिथे भिजवू नका, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा.

आता टी-५५

जोडायला आत्ता घ्या, रंग दसऱ्यानंतर. सिमेंटला ओल्या हवेचं काही वाटत नाही. स्प्रे-कॅनमधल्या लॅकर प्रायमरला आणि मॅट वार्निशला मात्र वाटतं: द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंग पांढुरका, ढगाळ होतो. पावसात थांबवत नसेल तर ब्रशने लावायचं पाण्याचं अ‍ॅक्रिलिक वापरा, दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस सोडून. ब्रशसाठी वालेहोसारखे रंग घ्या. तामियाचं अ‍ॅक्रिलिक फवाऱ्याला छान, पण ब्रशने दुसरा थर देताना पहिला उचलून येतो.

सुरुवातीला स्प्रू साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सहज निघावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असू शकतं. भाग कापताना दोनदा कापा: पहिल्यांदा भागापासून दोन मिमी दूर, दुसऱ्यांदा लगत. एकदाच लगत कापलं तर प्लास्टिक ओढलं जाऊन भागावर पांढरा खड्डा पडतो. दोन अर्धुकांच्या भागांना सिमेंट लावून जरा दाबा, सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक माळ बाहेर येऊ द्या, दोन दिवस वाळवा आणि मग ती पात्याच्या पाठीने खरवडा. फटही भरते, पुट्टी लागत नाही. नळीसारखा गोल भाग मात्र एकाच जागी घासू नका, फिरवत राहा, नाहीतर सपाट पट्टा पडतो आणि तो रंग दिल्यावरच दिसतो.

टी-५५ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं असतात, पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये अंतर जास्त. वर आधारचाकं नाहीत, त्यामुळे ट्रॅकचा वरचा पट्टा चाकांच्या डोक्यावर लोळतो. नवशिक्याचा टी-५५ इथेच ओळखू येतो: पट्टा मागच्या दातेरी चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरीसारखा ताठ. हा ट्रॅक साध्या सिमेंटने चिकटतो का हे आधी त्याच्या टोकाच्या कडेवर थेंब टाकून बघा. चिकटत असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चाकाच्या माथ्यावर सिमेंट लावा आणि मडगार्डच्या खालून फोमचे तुकडे कोंबून पट्टा खाली दाबून ठेवा, रात्रभर. इथे सांधा वर घ्या, मडगार्डखाली तो झाकला जातो. चाकांच्या कडा आधी रंगवा, म्हणजे शर्मनचं दुखणं इथे येणार नाही. त्यासाठी चाकं आणि ट्रॅक रंगाच्या वेळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, वेगळे ठेवा.

भारतीय लष्कराचा करायचा असेल तर आधी साल ठरवा. १९७१च्या युद्धातले आपले टी-५५ मूळच्या १०० मिमी तोफेचे होते. पुढे अनेकांवर १०५ मिमीची तोफ चढवली गेली, आणि चौकांत ठेवलेल्या रणगाड्यांत अशी नळी हमखास दिसते. चौकातला फोटो बघून १९७१चं मॉडेल केलंत तर जाणकार पहिली चूक नळीवरच काढेल. जमल्यास अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली सुरू केलेलं हे संग्रहालय म्हणजे सेंच्युरियन, पॅटन, व्हॅलेंटाइन, विजयंता असे खरे रणगाडे हाताच्या अंतरावर. तिथे वेल्डिंगची जाडी, ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा आणि ट्रॅकचा झोळ बघा. (तुमच्या शर्मनचं धड वेल्ड केलेलं आहे, टरेट म्हणजे वरचा फिरता बुरूज ओतीव. दोन्ही पृष्ठभाग वेगळे दिसायला हवेत.) तिथल्या रंगाची नक्कल मात्र करू नका. बाहेर उभे असलेले रणगाडे वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवून जपलेले असतात. फोटो काढण्याआधी प्रवेशद्वारावर नियम विचारा.

खरेदीचं. पहिल्या फेरीत स्प्रू कापायची सपाट तोंडाची पक्कड, क्र. ११ पात्यांचा चाकू, पातळ सिमेंटची एक बाटली, टोकदार चिमटा, ४००, ६०० आणि १००० नंबरचे पाण्यात घासायचे पॉलिश पेपर, पिन वाइस आणि ०.५ ते १.५ मिमी पाती. बस. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर या वर्षी नको. तुमच्याकडच्या हवेत कॉम्प्रेसरमधून पाणी येतं, त्याला पाणी अडवणारी बाटली लावावी लागते, आणि ते सगळं शिकेपर्यंत टी-५५ डब्यातच राहील. स्प्रे-कॅन आणि द्रावकाचे रंग ज्वालाग्राही असल्याने विमानाने पाठवत नाहीत, म्हणून ते परदेशातून मागवू नका. मुंबई-पुण्यातल्या दुकानातून रस्त्याने येतील असे घ्या. सिमेंट आणि प्रायमर वापरताना खिडकी उघडी ठेवा, फवारताना वाफ अडवणारा मास्क लावा. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

दुरुस्त झालेला शर्मन अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत, खिडकीपासून दूर ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदला. खाली पीव्हीसीचा मऊ शीट अंथरू नका, त्यातूनही तेच द्रव्य झिरपतं. पुठ्ठा किंवा लाकूड ठेवा. काय काय बदललं ते एका चिठ्ठीवर लिहा: ट्रॅक नवे, नळीत पितळी खिळा, अमुक ठिकाणी अमुक रंग आणि तारीख. टरेट उचलून ती आत टाका. पुढे कुणाला पुन्हा दुरुस्ती करावी लागली तर मामांचं कुठलं आणि तुमचं कुठलं हे त्याला शोधत बसावं लागणार नाही.